झोपेच्या काठचा निळा

गल्लीत तिला सगळे पुन्हाबाई म्हणत. हे नाव तिला कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी ठेवलं होतं. सव्वीस वर्षं ती एका विम्याच्या कचेरीत टायपिस्ट होती, आणि टाइप केलेला प्रत्येक कागद हातावेगळा करण्याआधी "पुन्हा एकदा बघते हं" म्हणून वाचून काढायची. साहेब दारात कोट चढवून ताटकळत उभे असले तरी. पुढे साहेब गेले, टाइपरायटर गेले, कचेरीही कुणीतरी विकत घेतली. नाव तेवढं तिच्याबरोबर घरी आलं आणि घरी येऊन चांगलं बाळसं धरलं. दाराची कडी पुन्हा, गॅसचं बटण पुन्हा, नवऱ्याच्या डब्याचं झाकण पुन्हा. नवरा चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात. दिवसभर काचांतून आरपार बघायची सवय असल्यामुळे असल्या गोष्टींकडेही तो आरपारच बघे.

मागच्या खोलीत, खिडकीशी, शिवणयंत्राच्या जुन्या टेबलावर तिचा कॉम्प्युटर होता. त्याला व्हायरस लागू नये म्हणून स्कॅन किती दिवसांनी करावं, हे तिने कॉम्प्युटरवाल्याला एकदा रीतसर विचारलं होतं. त्याचं दुकान कोपऱ्यावर. पूर्वी तो रेडिओ दुरुस्त करायचा, त्यामुळे कुठलंही यंत्र समोर आलं की आधी त्याला कान लावायचा. तो म्हणाला, राखण करणारा प्रोग्राम आत सतत जागाच असतो, त्याला तेवढा ताजा ठेवत जा. अख्खं घर झाडून बघायचं ते आठ-पंधरा दिवसांतून एकदा, पुरे होतं. पुन्हाबाईने ते वहीत लिहून घेतलं, पुन्हा विचारून खात्री केली आणि महिनाभर पाळलंसुद्धा.

मग एकदा दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं, की तिच्या भाचीच्या कॉम्प्युटरमधले सगळे फोटो एका रात्रीत कुलूपबंद झाले, बारशापासूनचे, एकही उघडेना. पुन्हाबाईने घरी येताच स्कॅन लावलं. पंधरा दिवसांचे आठ झाले, आठाचे चार, मग रोज. आणि मग सकाळचा चहा झाला की एकदा, जेवण झाल्यावर एकदा आणि संध्याकाळी पडदे ओढण्याआधी एकदा. नवरा म्हणाला, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसंच झालं की हे, फक्त हलवून घ्यायचं राहिलं.

खरं तर तिला ते बघत बसायला आवडायला लागलं होतं. स्कॅन सुरू झालं की पडद्याच्या खालच्या अंगाला फायलींची नावं एकामागून एक सरकायची. बरीचशी अनोळखी, मधूनच एखादं आपल्या घरातलं. ती हनुवटीखाली हात घेऊन बसायची. तिला वाटायचं, कुणीतरी दिवा घेऊन आपल्या घराच्या खोल्याखोल्यांतून अनवाणी फिरतंय. एक कपाट उघडलं, आत पाहिलं, हळूच लावलं. पुढचं उघडलं. आपण कधी न पाहिलेल्या किती खोल्या आहेत आपल्याच घरात, लाख-दीड लाख. दुपारचं ऊन भिंतीवरून उतरत यायचं, पंखा कण्हायचा, ती नावं वाहत राहायची आणि पुन्हाबाईच्या पापण्या जड व्हायच्या. "कुठलाही धोका आढळला नाही" असं शेवटी हिरव्या अक्षरांत आलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. आणि तासाभरात भांड्यातून पुन्हा बाहेर यायचा.

एवढा जीव टांगणीला लागण्यासारखं त्या कॉम्प्युटरमध्ये एकच होतं. तिच्या नणंदेचे रंग.

नणंद कालव्याकाठी कापड रंगवायची. वयाने मोठी, बोलायला फटकळ, हात कोपरापर्यंत कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे. तिच्या रंगांना कंपनीच्या तक्त्यातली नावं नव्हती. सायीखालचा पांढरा. उशीच्या आतला करडा. न टाकलेल्या पत्राचा पिवळा. दुपारी झोपमोड झाल्यावरचा तांबडा. असे तीनशे बारा. गिऱ्हाइकं दहा-दहा वर्षांनी यायची आणि म्हणायची, तोच द्या, आणि तोच मिळायचा. कारण प्रत्येकाचं माप पुठ्ठ्याच्या एकेका पत्त्यावर लिहून ठेवलेलं असायचं.

सात वर्षांपूर्वी तिच्या रंगाच्या कारखान्यातला पाण्याचा नळ रात्रभर फुटून वाहिला आणि पत्त्यांचा लगदा झाला. शाई शाईत मिसळली. त्यानंतर दोन वर्षं नणंद रोज दुपारी पुन्हाबाईकडे यायची. लगद्यातून जेवढं वाचता येत होतं तेवढं, आणि उरलेलं पुन्हा पुन्हा चिंध्या रंगवून आठवेल तसं, ती सांगायची आणि पुन्हाबाई टाइप करायची. शेवटचा रंग झाला तेव्हा नणंदेने पत्त्यांचा लगदा आपल्या हाताने कचऱ्यात टाकला आणि कागदाच्या नावाने कानाला खडा लावला. ती म्हणायची, माझ्याकडे पाणी आहे म्हणजे कागद नको. प्रिंटसुद्धा काढू द्यायची नाही. रंग हवा असला की फोन करायची, "अगं पुन्हाबाई, उशीच्या आतला सांग," आणि ही इकडून एकेक आकडा वाचून दाखवायची, दोनदा.

हे सगळं टाइप केलं होतं ते एका जुन्या प्रोग्रामात. त्यात अक्षरं कचेरीतल्या टाइपरायटरवर होती त्याच जागी होती, म्हणून पुन्हाबाईने तो कधी सोडला नाही. बनवणारी कंपनी बंद पडूनही जमाना झाला होता. फायलीच्या तीन प्रती तिने तीन ठिकाणी ठेवल्या होत्या. म्हणजे काळजी घ्यायला ती कुठे कमी पडली, असं कुणी म्हणू शकलं नसतं.

कमी पडली नाही, तिथेच सगळं बिनसलं. एका गुरुवारी तिच्या मनात आलं, इतकी वर्षं हा एकच अँटीव्हायरस तपासतोय. त्याच्या नजरेतून काही सुटत असेल तर? एकाने बघितलेलं दुसऱ्याने पुन्हा बघितलेलं बरं. तिने दुसरा एक फुकटचा अँटीव्हायरस उतरवून घेतला आणि स्कॅन लावलं. नवा पाहुणा उत्साही होता. दहा मिनिटांत पडदा लाल झाला. वर लिहिलं होतं, "एक प्रोग्राम तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ ऐकत आहे."

पुन्हाबाईने कळफलकावरचे हात झटकन उचलले. कोण ऐकतंय? कधीपासून? दोन वर्षांच्या त्या दुपारी, वन्सं सांगत होत्या तेव्हाही? खाली दोन बटणं होती. एक, बाजूला काढून ठेवा. दुसरं, कायमचं काढून टाका. बाजूला ठेवलेला चोर बाजूलाच राहील कशावरून? तिने दुसरं दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? आपल्यासारखंच पुन्हा विचारणारं कुणीतरी भेटलं म्हणून तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. तिने पुन्हा दाबलं.

शुक्रवारी सकाळी नणंदेचा फोन आला. एका शाळेच्या सभागृहाचा पडदा होता, तिनेच अकरा वर्षांपूर्वी रंगवलेला. दोन भागांपैकी एक भाग दिव्याने जळला होता. रविवारी मुलांचं नाटक, आणि अर्धा पडदा नवा हवा, पहिल्याच्या शेजारी लावला तर ओळखू न येणारा. कापड भिजत घातलंय, म्हणाली, झोपेच्या काठचा निळा सांग.

पुन्हाबाईने फाईल उघडली. अक्षरं नव्हती. म्हणजे होती, पण ती आपली नव्हती. परकी, इंग्रजी, एकमेकांना खेटून उभी, लहानमोठी, मधेच अर्धविराम, मधेच चौकोन, कुठेही शब्द म्हणून थांबत नसलेली. पहिली प्रत तशी, दुसरी तशी, तिसरीही तशीच. आकडे तेवढे जसेच्या तसे राहिले होते, चौदा, दीड, पाव, साठ. पण कशाचे चौदा आणि कशाचे साठ हे सांगणारा शब्दच शेजारी नव्हता. सगळं पाण्यातून पाहावं तसं तिला दिसायला लागलं.

"वन्सं," ती म्हणाली, "मी जरा वेळाने सांगते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कॉम्प्युटरवाला आला. त्याने सवयीने कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला, मग पडद्याकडे पाहिलं. काय काढून टाकलं ते त्याने विचारलं, तिने सांगितलं. त्याने दोन्ही अँटीव्हायरस पाहिले आणि डोक्याला हात लावला.

"दोन राखणदार एका दारात उभे केलेत बाई. त्यांनी घरच्याच माणसाला चोर समजून बाहेर काढलं."

मग त्याने समजावून सांगितलं. कळा ऐकणारा तोच तर तिचा जुना प्रोग्राम होता. तिने एखादी कळ दाबली की ती ऐकून तो तिथे आपलं अक्षर काढून द्यायचा. ऐकणं हेच त्याचं काम. तो गेला आणि त्याच्याबरोबर त्याची अक्षरंही गेली. मजकुराला धक्का लागलेला नाही, व्हायरसबियरस काही नाही, फक्त अंगावरचे कपडे गेलेत. जुनी गिऱ्हाइकं होती त्यांना विचारतो, म्हणाला, कुणाकडे तो प्रोग्राम असेल तर. आठवडा लागेल, महिना लागेल, कदाचित नसेलच कुणाकडे. जाताना नवा अँटीव्हायरस काढून टाकून गेला आणि दारातून म्हणाला, आठ-पंधरा दिवसांतून एकदा, मी तेव्हाच सांगितलं होतं. चिडून नाही, एखाद्याच्या घरी दुःखाचं काही झालं की बोलतात तसं.

दुपारी नणंद स्वतःच आली. हात पोपटी होते. पुन्हाबाईने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग सगळं सांगितलं, काही न लपवता. नणंद पडद्यावरच्या त्या परक्या गर्दीकडे बघत राहिली.

"सगळे तीनशे बारा?"

"सगळे, वन्सं."

"आकडे आहेत की."

"आकडे आहेत."

नणंद फटकळ खरी. पुन्हाबाई दोन शब्द ऐकून घ्यायच्या तयारीने उभी होती. ते शब्द आले नाहीत. नणंद एवढंच म्हणाली, की निळ्यात तांबड्याचा एक थेंब आहे हे तिला आठवतंय, काळाही आहे. पण कुठला किती हे चुकलं तर तो निळा उठून बसतो, झोपेच्या काठाला राहत नाही. आणि परत दोन वर्षं चिंध्या रंगवायला आता तिचे डोळे उरलेले नाहीत. गेल्या वर्षापासून पोपटी आणि हिरवा ती डब्यावरच्या चिकटपट्टीवरून ओळखते. हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, भावालाही नाही.

दोघी तिथेच बसून राहिल्या. पंखा कण्हत होता. भिंतीवरचं ऊन टेबलापर्यंत आलं होतं. करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून पुन्हाबाई त्या ओळींकडे बघत राहिली, स्कॅनच्या वेळी सरकत्या नावांकडे बघायची तशी, काही वाचायचं नाही, नुसतं वाहू द्यायचं. डोळे मिटायला आले. आणि मांडीवर पडलेल्या तिच्या हाताचं एक बोट हललं.

तिने डोळे न उघडता ते हलू दिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं, एक अक्षर मनात धरलं, डोळे मिटले. त्या कळेकडे बोट आपसूक गेलं. सव्वीस वर्षं आणि वर सात वर्षं ते तिथेच तर जात होतं. डोळ्यांना तिथे परकं अक्षर दिसत होतं, बोटाला मात्र तिथे अजून आपलंच अक्षर होतं. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. जुन्या टाइपरायटरवर ती आधी मारायची, अक्षर मागून यायचं. यू म्हणजे न. मोठा जी म्हणजे ळ. के म्हणजे काना.

"निळा," पुन्हाबाई म्हणाली.

"काय?"

"थांबा, बोलू नका."

ती सरकून टेबलाशी बसली. कळफलकाला हात न लावता तिने बोटं टेबलाच्या लाकडावर ठेवली आणि वरून तिसरी ओळ घेतली. बोटं सावकाश चालू लागली, अंधारातल्या जिन्यावर पाय चालतात तशी. एकेक अक्षर वर येत गेलं आणि तिच्या तोंडून बाहेर पडत गेलं, झोपेत बोलल्यासारखं.

"थांब... दूध... उतू... जातंय."

नणंद तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. पुन्हाबाईने त्या दुपारी जे जे ऐकलं ते ते टाइप केलं होतं, एक शब्द न गाळता. त्या दिवशी दूध खरोखरच उतू गेलं होतं आणि दोघींनी मिळून दोष घरात नसलेल्या नवऱ्यावर ढकलला होता.

"मेले, हेही लिहिलंस?"

"तुम्ही म्हणालात, मी लिहिलं. पुढे सांगू?"

पुढे निळा चौदा ग्रॅम होता. काळा दीड. तांबडा पाव, किलोभर कापडाला. मीठ, धुण्याचा सोडा, साठ अंश, पाऊण तास. एका ठिकाणी बोट अडलं. तिथे नुसता चौकोन होता आणि त्यापुढे काना आणि र. हे जोडाक्षर कुठल्यातरी तीन कळा एकदम दाबून यायचं आणि बोटाला ते काही केल्या आठवेना. पुन्हाबाईने तीनदा प्रयत्न केला. नणंद म्हणाली, "क्षार असेल. कालव्याचं पाणी घेतलं तर क्षार बसू द्यायचा, मग वरचं पाणी घ्यायचं. पुढे बघ, रात्रभर लिहिलंय का." लिहिलं होतं. बोटांना जे येत नव्हतं ते नणंदेच्या कानाला येत होतं.

नणंदेने लिहून घेतलं ते तिच्या पिशवीतल्या पांढऱ्या चिंधीवर, कपड्यांवर खुणा करायच्या पक्क्या शाईने. ही शाई उकळत्या पाण्यातही हटत नाही. हे सात वर्षांपूर्वी का सुचलं नाही, असं दोघींच्याही मनात आलं. बाकीच्या तीनशे अकरांसाठी पुन्हा दुपारी येत जाईन, असं नणंदेने जाताना सांगून टाकलं. विचारलं नाही.

शनिवारी सकाळी पुन्हाबाई नणंदेच्या कारखान्यात गेली. वाफेने भरलेल्या त्या लांबलचक खोलीत टांगलेली कापडं हलत होती, कुणी मागून चालत गेल्यासारखी. मोठ्या भांड्यात अर्धा पडदा फिरत होता आणि नणंद लाकडी दांड्याने ढवळत होती. पाऊण तासाने कापड बाहेर आलं. ते जवळजवळ काळं होतं. एखादा आकडा तर चुकीचा सांगितला नाही ना आपण? नणंदेने कापड धुतलं, पिळलं, वाळत घातलं, आणि ओलं असताना सगळेच रंग काळोखात असतात, असं म्हणून हात पुसले.

पुन्हाबाईने पाच मिनिटांनी जाऊन कापडाचं टोक उचललं. मग दहा मिनिटांनी. तिसऱ्यांदा गेली तेव्हा नणंदेने तिला दंडाला धरून खिडकीजवळच्या बाकावर आणून बसवलं.

"सारखं हात लावलास तर तिथे डाग धरेल. वाळू दे त्याला. माझ्याने बघवत नाही तुझं बघणं."

"मग किती वेळाने बघू?"

"मी सांगेन तेव्हा. एकदाच."

पुन्हाबाई बसली. सुरुवातीला तिचे हात शिवशिवत होते. मग खिडकीबाहेरच्या कालव्यात तिला एक होडी दिसली, रिकामी, दोरीला बांधलेली, जागच्या जागी थोडीशी वळून परत येणारी. ती होडीकडे बघत राहिली. वाफेचा उबट वास, कापडांची मंद फडफड, आत कुठेतरी थेंब थेंब गळणारं पाणी. दीड लाख खोल्यांतून फिरणारा तो दिवा तिला आठवला, आणि तो विझवून कुणी निवांत झोपून गेलं तर घराला काय होईल, असं वाटता वाटता ती स्वतःच पेंगली. बाकावर, भिंतीला डोकं टेकून, दिवसाढवळ्या, समोर काम वाळत असताना.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. नणंद तिच्यासमोर उभी होती. शाळेतून आणलेला पडद्याचा जुना तुकडा आणि आत्ताच्या कापडाचं टोक, दोन्ही एकाशेजारी एक धरून, उजेडाकडे. अंधुक, मऊ, कुठे संपतो ते न कळणारा निळा.

"माझे डोळे सोड," नणंद म्हणाली, "तू सांग. यातला नवा कुठला?"

पुन्हाबाई उठली, जवळ गेली. पुन्हा बघते म्हणाली नाही. एकदाच नीट पाहिलं आणि डावीकडच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

नणंदेने हसून दोन्ही तुकडे उलटे केले. डावीकडच्याच्या मागे शाळेचा अकरा वर्षांपूर्वीचा शिक्का होता.